केळीवाल्याच्या पंपाचा क्यामशाफ्ट

आमच्या वस्तीवर पाण्याची टाकी सरकारनं आणली, असं आता सगळे म्हणतात. टाकी सरकारची होती, हे मी नाकारत नाही. पण ती टेकडी चढून वर आली ती माझ्या गाडीच्या मागं बांधून, आणि गाडी चढली ती अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या पंपातला क्यामशाफ्ट तिच्या पोटात होता म्हणून. हे ज्यांना माहीत होतं त्यातले बरेच आता नाहीत. मी आहे, म्हणून लिहितो. मी दुसरी शिकलेला माणूस. शुद्धलेखन ज्याला तपासायचं असेल त्यानं खुशाल तपासावं.

माझं तरुणपण नांदेडात गेलं. लातूर रोडवरच्या एका गॅरेजात मी मेकॅनिक होतो. गॅरेजची एक पिकअप होती, मिलिटरीच्या लिलावातून आलेली, पेट्रोलवर चालणारी. मागं जाड हूक आणि साखळदंड. रस्त्यात कुणाचा ट्रक बंद पडला की आम्ही ती घेऊन जायचो आणि ट्रक ओढत आणायचो. आमच्याकडं त्याला टोचन म्हणतात. भरलेला ट्रक टोचन करायचा म्हणजे गाडीपेक्षा ड्रायव्हरच्या पायाची परीक्षा असते. क्लच सोडताना पाय घाईचा असला की एक तर साखळी तुटते नाही तर क्लच जळतो. माझ्या हातून साखळी कधी तुटली नाही. नांदेडात अजून कुणी जुना ड्रायव्हर असेल तर त्याला विचारावं.

पुढं मालक थकले. त्यांची मुलं औरंगाबादला नोकरीला लागली होती, त्यांना तेलाचे हात नको होते. गॅरेज बंद केलं तेव्हा मालकांनी ती पिकअप मला दिली. म्हणाले, "तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत न्हाई. ने तुझ्या गावाला." मी ती घेऊन गावी आलो.

गाव आमचं अहमदपूरच्या पुढं, बालाघाटच्या डोंगरात. मी लहान असताना आमच्या लोकांनी धम्म घेतला. त्यानंतर काही वर्षांनी सरकारनं आम्हाला गायरानात, टेकडीवर प्लॉट दिले आणि आमची वस्ती वर गेली. वर वारा मोकळा. कुणाच्या दारावरून खाली मान घालून जायची गरज नाही. सगळं चांगलं होतं, पाणी तेवढं खाली राहिलं.

मी गावी आलो तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. आधी कचेरीचं काम म्हणजे उस्मानाबाद, जाऊन येईपर्यंत माणूस बेजार. आता लातूरला जाऊन दिवस मावळायच्या आत घरी. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेब लोकही नवे आणि हौशी. लोक म्हणायचे आता आपलं बरं होणार. आणि त्यातच पाऊस गेला. विहिरी आटल्या, मग बोअर आटले, मग लोक आभाळाकडं बघायचेही थांबले.

सरकारी टँकर यायचा तो खाली गावात यायचा आणि मारुतीच्या देवळापाशी जी विहीर आहे तिच्यात पाणी सोडून जायचा. आमच्या बायका टेकडी उतरून जायच्या. विहिरीवर त्यांना कुणी आडवं येत नव्हतं, तो काळ मागं पडला होता. पण आधी कुणी शेंदायचं हे न बोलता ठरलेलं असायचं. आमच्या बायकांची पाळी येईपर्यंत दोराला गाळ लागायचा. टँकर वर आणावा तर त्याचं धूड मोठं आणि देवळापुढचं वळण एवढं अरुंद की मागचं चाक ओढ्यात जायचं.

वस्तीतले चारचौघं तालुक्याला जाऊन बसले. तिथला साहेब तरुण होता, तोंडाचा कडक, पण ऐकून घेणारा. त्यानं सांगितलं, "चाकांची एक टाकी आहे. ओढून न्यायची. ती तुमच्या वस्तीला देता येईल. पेट्रोल आम्ही देऊ, पण ओढायचं साधन तुमचं. सोमवारी मी स्वतः येतो. भरलेली टाकी माझ्यासमोर वर चढली तर टाकी तिथंच राहील. नाही चढली तर दुसऱ्या गावाची मागणी आहे, तिकडं देऊन टाकीन."

वस्तीवर बैठक झाली तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. ट्रॅक्टर होता तो खाली पाटलांचा, तो मागायला कुणी जाणार नव्हतं. मी म्हणालो, "चढवतो."

म्हणालो खरा. पण इंजिन म्हातारं झालं होतं हे मलाच माहीत होतं. रिकामी गाडी झकास धावायची, पण मागं ओझं लागलं आणि चढ आला की धापा टाकायची.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा फिरत असतो, तो क्यामशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की त्याच्यावर टेकलेला टापेट उचलला जातो, टापेट वरच्या सळीला ढकलतो आणि सळी वाल उघडते. वाल म्हणजे सिलिंडरचं नाक. नाक जेवढं उघडेल तेवढा श्वास. माझ्या गाडीचे उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते, म्हणजे नाक अर्धं चोंदलेलं. अशा नाकानं भरलेली टाकी टेकडीवर जात नसते.

माझा मेहुणा, म्हणजे मंडळीचा धाकटा भाऊ, लातूर डेपोत एस्टीचा ड्रायव्हर. रजेवर आला होता. गाडीच्या कामात त्याला भारी रस, आणि माझ्या कामात खोड काढण्यात त्याहून जास्त.

"दाजी, नांदेडात एक लेथवाला हाय. क्यामवर भर घालून उंच करून देतो. जीपा पळवनारे पोरं समदे त्याच्याकडंच जातेत. वाल असा उघडतो की गाडी उडती."

"मला उडवायची न्हाई. ओढायची हाय."

"उडनारी गाडी ओढीना व्हय? दम तर दमच असतो ना?"

दिवस थोडे होते आणि दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानंच जाऊन क्याम उंच करून आणला. मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं, वाल काढले, घासायची पेस्ट लावून एकेक वाल त्याच्या बैठकीवर घासला. ते काम ताक घुसळल्यासारखं असतं. काठीच्या टोकाला वाल चिकटवायचा आणि दोन्ही तळव्यांत काठी फिरवत बसायचं, करड्या रंगाची अखंड गोल पट्टी दिसेपर्यंत. मग उंच क्याम बसवला आणि गाडी काढली.

रिकाम्या रस्त्यावर ती अशी पळाली की मेहुण्यानं दारावर थाप मारून आरोळी ठोकली. उभी असताना मात्र इंजिन डगमगायचं, थंडी वाजलेल्या माणसासारखं. मी खडीकेंद्रावरून दगडांनी भरलेली एक ट्रॉली मागून आणली, हुकाला लावली आणि देवळापुढच्या चढाला गाडी घातली. अर्ध्या चढावर गाडी हळू झाली, कार्बोरेटरनं दोन-तीन शिंका दिल्या आणि इंजिन बंद पडलं. ट्रॉली आम्हाला मागं ओढायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो, मेहुण्यानं उडी मारून चाकाला दगड लावला.

"दाजी, तुमी हळू घेतली. खालूनच झेप घ्यायची. रेस करत या, अशी वर येती बघा."

"खालून म्हंजे कुठून? गावातून? रस्त्यात लेकरं हायत, शेरडं हायत, म्हातारी मानसं ओट्यावर पाय सोडून बसलेली. तिथून झेप घेऊ?"

"मग कसं करता?"

"सुचल."

त्याला वाटलं मी रागावलो. मी त्या शिंकांचा विचार करत होतो. शिंक म्हणजे आत गेलेला श्वास परत बाहेर आला. उंच क्याम वालाला उशिरापर्यंत उघडा धरत होता. गाडी पळताना ते चालतं, हवेचा लोंढाच एवढा असतो की तो आत शिरतोच. पण इंजिन हळू फिरत असलं की पिस्टन वर यायला लागतो तरी दार उघडंच, घेतलेला घास उलटून पडतो. मला पाहिजे होता तो याच्या उलटा क्याम. दार लवकर लावून घेणारा, म्हणजे जे आत आलं ते आतच राहील आणि हळू चालीतही दम धरेल. असा क्याम पळणाऱ्या गाडीत नसतो. तो दिवसभर एका चालीनं ओझं ओढणाऱ्या इंजिनात असतो.

तेव्हा मला अर्धापूरचा पंप आठवला.

गॅरेजात असताना मी तिकडच्या एका केळीवाल्याचं इंजिन सांभाळायचो. नदीवरून पाणी उचलून केळीला देणारं मोठं इंजिन, माझ्या पिकअपच्याच घराण्याचं, चार सिलिंडरचं, पण पंपासाठी बनवलेलं. आवाजच वेगळा त्याचा. सावकाश, जड, पण कितीही पाणी चढवलं तरी चाल मोडायची नाही.

मी उंच क्याम काढून पोत्यात गुंडाळला, माप जुळवायला बरोबर असावा म्हणून, आणि एस्टीनं अर्धापूरला गेलो. शिवारात उतरलो तर केळीची पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. नदीच्या पात्रात वाळू पांढरी पडलेली. केळीवाला इंजिनाच्या पत्र्याच्या खोपीतच बसला होता. माझ्यापेक्षा वयानं मोठा, अंगानं थोराड. पिकाकडं बघवत नव्हतं म्हणून इंजिनाकडं बघत बसायचा, असं त्यानंच सांगितलं.

"ये मिस्त्री. पन इंजिन तर बंद हाय, आता काय करनार?"

"बंद हाय म्हनूनच आलो मालक. त्याचा क्याम पाहिजे."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. टाकी, टेकडी, साहेब, सोमवार. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "उद्या नदीला पानी आलं तर?"

"आलं तर आनून बसवतो. वाट बघायला लावत न्हाई."

"म्हंजे पानी येनार न्हाई असंच म्हन की."

"मी तसं कुठं म्हनलो?"

"तोंडानं न्हाई म्हनलास. पन पाने घेऊन आलास ना संगं."

पान्यांची पिशवी माझ्या मांडीवरच होती. तो हसला. मग इंजिनावर हात ठेवून बसला. माझ्या मनात आलं, हा देणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही सहज दिला नसता. पिकाची आशा सोडलेला माणूससुद्धा इंजिनाची आशा सोडत नाही.

शेवटी म्हणाला, "ने. पन एक अट. त्याचं पोट रिकामं ठेवायचं न्हाई. पोत्यात काय आनलंस ते?"

"हा उंच क्याम हाय. पंपाला ह्यो चालत न्हाई मालक."

"चालवायचं कुठं हाय? पानीच न्हाई. पन आतडं काढून ठेवलेलं इंजिन रोज मला बघवनार न्हाई. तुझं घाल आन माझं ने."

तसंच केलं. दिवसभर खपून त्याचा क्याम काढला आणि त्या जागी माझा बसवून इंजिनाची झाकणं परत लावली. पुढं पाऊस झाला तेव्हा मी त्याचा क्याम परत नेऊन बसवून दिला, हेही इथंच सांगून टाकतो, नाही तर कुणी म्हणेल घेतला आणि बुडवला.

क्यामबरोबर त्याचे आठ टापेट मी काढून घेतले. हे महत्त्वाचं आहे. टापेट ज्या उंचवट्यावर वर्षानुवर्षं घासलेला असतो त्याच्याशीच त्याचं जमतं. दुसऱ्यावर बसवला की दोघंही एकमेकांना खातात. म्हणून काढताना क्रम मोडायचा नाही. मी पंच्याची पट्टी फाडली, पहिला टापेट ठेवून गाठ, दुसरा ठेवून गाठ, असं करत शेवटपर्यंत बांधत गेलो आणि ती माळ पोटाशी धरून एस्टीत बसलो.

घरी आल्यावर गाठी सोडल्या आणि पडवीत ओळीनं स्टीलच्या वाट्या मांडून प्रत्येकीत एकेक टापेट ठेवला, डावीकडून उजवीकडं. मग गाडीखाली शिरलो. इंजिन साफ करून वर आलो तर वाट्या नाहीत.

"अगं, हितल्या वाट्या कुठं गेल्या?"

"जाग्यावर ठेवल्या." मंडळी चुलीपाशी होती.

"आन त्याच्यातलं लोखंड?"

"ते बी घासून ठेवलंय. लई वंगान हुतं त्याला. पानी न्हाई वापरलं, राखेनं घासलं."

ताटात टापेट एकत्र पडलेले होते, चांदीसारखे लखलखीत. आमच्याकडं त्या उन्हाळ्यात सगळी भांडी राखेनंच निघायची, पाणी भांड्याला लावायची कुणाची टाप नव्हती. तिनं घरातल्या बाकीच्या भांड्यांबरोबर माझा क्रमही घासून काढला होता.

मेहुणा पोट धरून हसत होता. "ताई, आता इंजिन बी घे घासायला. दाजी, साहेबाला म्हनावं, गाडी चढत न्हाई पन चकाकती लई."

"तू गप," ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "वाट्या माझ्या हायत. लोखंड ठेवायचं तर डब्यात ठेवायचं. लेकरांनी कालवन काय तळहातावर घ्यायचं?"

भांडत बसलो असतो तर सोमवारपर्यंत भांडतच राहिलो असतो. टापेट रॉकेलमध्ये बुडवून राखेचा कण न् कण काढला, क्याम मांडीवर आडवा घेतला आणि जुळवायला बसलो.

जुळवायची रीत अशी. कंदिलाची काजळी तेलात कालवून उंचवट्याला पुसट लावायची. टापेट त्याच्यावर दाबून क्याम फिरवायचा. टापेटाच्या बुडावर काळा डाग उमटतो. डाग आणि टापेटाची जुनी झीज एकावर एक बसली तर तो त्याचा. नाही बसली तर पुसायचं आणि दुसरा घ्यायचा. दोन जुळवता जुळवता माझी मान आखडली. डोळे तेव्हाही माझे फार चांगले नव्हते.

मंडळी शेजारी येऊन बसली. एक टापेट उचलून उन्हात धरला, मग क्यामवर बोट फिरवलं.

"हे ह्याचं हाय."

"कशावरून?"

"ह्याला घासल्याची रेघ एका अंगाला जास्त हाय. तुमच्या दांड्यावरची चमक बी त्याच अंगाला. जात्याच्या पाळ्या आमाला कळतेत की. खालची एकीकडं झिजली की वरची बी तिकडंच झिजती."

मी काजळी लावून बघितलं. बसला. पुढचाही तिनंच दाखवला. तो पण बसला. काजळी लावणं माझं आणि उन्हात धरून बघणं तिचं, असं करत शेवटचे दोन राहिले. ते दोन सख्ख्या भावांसारखे. ती म्हणाली हा इकडं, मी म्हणालो हा तिकडं. काजळी दोन्हीकडं सारखीच उमटत होती.

"चिठ्ठ्या टाका," मेहुणा म्हणाला.

गाडी माझी होती. मी माझ्या मनानं बसवले. इंजिन परत जोडलं, ब्लेडचं पान घालून एकेका वालाची फट जुळवली आणि सेल्फ मारला. सुरू झाली ती एकदम वेगळ्या आवाजात. डगमग गेली, चाल जड आली, अर्धापूरची. पण त्यात एक टिकटिक होती. फट बरोबर, ब्लेड बरोबर, तरी टिकटिक. मी कान लावून ऐकलं आणि इंजिन थंड होऊ दिलं. मग बाजूचं झाकण काढून ते दोन टापेट अदलाबदल केले आणि परत सुरू केलं. टिकटिक गेली. ती दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशीचा चहा तिनं गोड केला होता.

आता फक्त ओझं लावून बघायचं राहिलं होतं, पण खडीकेंद्राची ट्रॉली कामाला गेलेली. सोमवार उजाडला. जे काय व्हायचं ते साहेबासमोरच होणार होतं.

साहेब जीपनं आला. टाकी गावाच्या वेशीत उभी होती आणि टँकर तिच्यात पाणी सोडत होता. मी गाडी मागं घेऊन हूक लावला, वरून साखळी बांधली. साहेब माझ्या शेजारी येऊन बसला. मेहुण्याला मी टाकीच्या मागं चालायला लावलं, हातात मोठा दगड देऊन. चढावर थांबायची वेळ आली तर चाकाला लावायला माणूस पाहिजे.

"दाजी, वेशीतूनच झेप घ्या. अजून सांगून राहिलो."

"तू दगड सांभाळ."

पहिल्या गिअरात, माणूस चालतो त्या चालीनं मी गावातून निघालो. ओट्याओट्यावर लोक. देवळापाशी आलो, वळण घेतलं आणि चढाला लागलो तर रस्त्यात बायका. गावातल्या बायका, घागरी रस्त्यावर आडव्या मांडून उभ्या. त्या दिवशी टँकर आमची टाकी भरण्यात गुंतला होता, विहिरीत थेंब पडला नव्हता. त्यांचं खोटं नव्हतं. पण जागा अशी होती की तिथं कुणी गाडी थांबवत नाही. बरोबर चढावर, मागं भरलेली टाकी.

मी थांबलो. मागून मेहुण्याचा आवाज आला, "लावला दगड!"

पुढं पाटलाच्या घरातली एक म्हातारी होती. आमच्या बापाच्या वेळेपासूनची. तिचा शब्द गावात चालायचा.

"का रं, कुठं निगाला पानी घिऊन?"

"वर, माय."

"हितंच सोड नळ. वर न्हेऊन काय करतो?"

"वरची टाकी हाय ही. वरच सोडायची."

"आन आमी? आमच्या घरात लेकरं न्हाईत?"

मी साहेबाकडं बघितलं. साहेब खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही इथं थांबलात. आता निघेल का गाडी?"

"बघू."

"या बायकांचं तुमचं तुम्ही बघा. मला टाकी वर गेलेली बघायची आहे."

आमच्या बायका त्या विहिरीवर कशा उभ्या राहायच्या ते मी बघितलेलं होतं. नळ तिथं सोडला असता तर वर हंडाभरसुद्धा पोचलं नसतं, आणि टाकीही गेली असती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"माय, वर या. वर रांग हाय. आधी ईल त्याला आधी. खालचं-वरचं न्हाई, कुनाला न्हाई म्हननार न्हाई. पन पानी वर मिळंल."

"वर?" मागची एक बाई म्हणाली. "तुमच्यात?"

"पानी तिथंच हाय."

मग म्हातारीनं स्वतःची घागर उचलली आणि कडेला झाली. माझ्यावर दया आली म्हणून नाही. म्हणाली, "आधी तुझी गाडी तर निगू दे हितून. मग बघू तुझी रांग." बाकीच्याही कडेला झाल्या, गाडी कशी मागं घसरते ते बघायला. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

मी पहिला गिअर घातला. रेस दिली नाही, जेमतेम पाय टेकवला. क्लच हळूहळू सोडला. साखळी ताणली, हूक कुरकुरला आणि इंजिन खाली बसायला लागलं. आवाज एवढा खाली गेला की एकेका सिलिंडरचा ठोका वेगळा ऐकू यायला लागला. उंच क्याम असता तर इथंच शिंकला असता. साहेबानं समोरची दांडी धरली.

"दाजी, रेस!" मागून मेहुणा ओरडला.

"गप!"

इंजिन तिथंच तळाला दम धरून राहिलं. पंप जसा नदीच्या पाण्याच्या ओझ्याखाली वाकायचा पण चाल मोडायचा नाही, तसं. मग चाक हललं. दगडावरून टाकी सुटली ते मला पाठीत कळलं. मी पाय होता तसाच ठेवला, वर येईपर्यंत ना दाबला ना सोडला. देवळाचा कळस बाजूनं खाली गेला, बाभळी गेल्या, आणि वस्तीची पहिली भिंत आली.

साहेब उतरला. टाकीला एक चक्कर मारली, नळ थोडा उघडून बघितला, बंद केला. "ठीक आहे. टाकी इथं राहील. रोजची खेप तुमची." कागदावर माझी सही घेतली. माझी सही मोठी येते, ती चौकटीच्या बाहेर गेली, ती त्यानं तशीच चालवून घेतली. मेहुणा धापा टाकत आला. दगड अजून त्याच्या हातात होता.

"टाक की तो आता," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाला, "परत खाली जायचंय."

नळापाशी माझी मंडळी बसली. वस्तीतल्या बायकांची रांग लागली, लेकरं डबे वाजवायला लागली. इंजिन मी चालूच ठेवलं होतं, आवाज ऐकत होतो. तेवढ्यात पायवाटेनं ती म्हातारी वर आली, घागर कमरेवर. तिच्या मागं आणखी काही जणी. सगळ्या आल्या नाहीत. बऱ्याच जणी चढाच्या तोंडाशी थांबल्या होत्या, काही घागरी उचलून घराकडं वळल्या होत्या. वर आलेल्या वस्तीच्या कडेला येऊन थबकल्या.

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मंडळीनं माझ्याकडं बघितलं. मी बोनेटवर हात ठेवून उभा होतो. खाली जे बोललो होतो ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं, त्यात आता कमी-जास्त करायला जागा नव्हती.

"माय," मंडळी म्हणाली, "ह्या बाईच्या मागं उभ्या ऱ्हावा. पुढं चिखल हाय, पाय सांभाळा."

म्हातारी उभी राहिली. तिच्या पुढं आमच्या शेजाऱ्याची सून होती, कडेवर लेकरू घेतलेली. तिनं आपला हंडा भरला आणि बाजूला झाली. म्हातारीनं घागर नळाखाली ठेवली. पाणी पडायला लागलं तशी ती वाकून आत बघत राहिली, घागर गळ्यापर्यंत येईपर्यंत. मग पदर सावरला, घागर उचलून कमरेवर घेतली आणि मंडळीला विचारलं,

"उद्या कवा?"

"गाडी आली की."

म्हातारीनं मान हलवली आणि पायवाटेला लागली. मागच्या बाईनं घागर पुढं सरकवली. टाकीत पाणी संपत आलं होतं आणि रांग अजून लांब होती. मी मेहुण्याला हाक मारली, आणि वेशीतल्या टँकरवरून दुसरी खेप आणायला गाडी वळवली.